मराठीला अवतरणचिन्हांचे नियम देणारे मेजर कँडी, आणि माझी तुटलेली फाइल

आमच्या पूर्णेच्या घरी आजोबांची एक वही आहे, रेल्वेच्या नोकरीतल्या किश्श्यांची. मागच्या दिवाळीत मी ते किस्से मोबाइलवर टाइप केले, जेसन फाइल बनवली आणि छोटं अ‍ॅप तयार केलं. आजोबा चष्मा लावून शेजारी बसले, पण अ‍ॅप काही उघडेना! दोष निघाला अवतरणचिन्हांत. गंमत म्हणजे वहीत असं एकही चिन्ह नव्हतं. आजोबा सगळीकडे असं म्हणाला, असं म्हणाली लिहून मोकळे झालेत. चिन्हं मी घातली होती. मग ही चिन्हं मराठीत आणली कुणी?

त्यासाठी थॉमस कँडी यांना भेटायला हवं. त्यांचा जन्म १८०४ सालचा, इंग्लंडमधला. ते आणि त्यांचा जुळा भाऊ जॉर्ज ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून इकडे आले आणि मराठी शिकले. जेम्स मोल्सवर्थ तेव्हा मराठी-इंग्रजी शब्दकोश करत होते. हे दोघे भाऊ त्यांच्या मदतीला गेले आणि १८३१ मध्ये तो कोश छापून आला. पुढे तब्येत बिघडल्याने मोल्सवर्थ मायदेशी परतले. इंग्रजी-मराठी कोशाचं उरलेलं काम कँडींनी अंगावर घेतलं आणि १८४७ मध्ये तडीस नेलं.

नंतर पुण्यात शिक्षण खात्याची कामं, सरकारी भाषांतरं आणि शाळेची पुस्तकं तपासणं यातच त्यांचं आयुष्य गेलं. तिथे एक अडचण रोजची होती. जुन्या पोथ्यांत फार तर दंड असायचा, आणि मोडीत तर शब्दसुद्धा एकमेकांना चिकटलेले. बोलणं कुठे संपलं हे असं, म्हणून, इति अशा शब्दांवरून ओळखायचं. पण सुरू कुठे झालं? ते वाचणाऱ्याने ताडायचं. १८५० मध्ये कँडींनी विरामचिन्हांची परिभाषा हे पुस्तक काढलं आणि इंग्रजी चिन्हं मराठीत कशी वापरायची ते नियमांत बसवलं. एका इंग्रज अधिकाऱ्याने मराठीला वळण लावावं, हे पुढच्या काही लेखकांना खटकलं. १८७७ मध्ये कँडी वारले. चिन्हं मात्र राहिली.

आता आपल्या कोडकडे येऊ. कॉम्प्युटरला ताडता येत नाही. मजकूर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्याला चिन्हानेच कळतं. जेसनमध्ये ते काम सरळ दुहेरी चिन्ह करतं, आस्की क्रमांक ३४. तेच चिन्ह मजकुराच्या आत आलं तर त्याला वाटतं, संपलं वाक्य! म्हणून आतल्या चिन्हाआधी बॅकस्लॅश लावायचा: \" असा. यालाच एस्केप करणं म्हणतात.

मोबाइल किंवा वर्ड बऱ्याचदा वळणदार चिन्हं टाकतात, युनिकोड क्रमांक ८२२० आणि ८२२१. जेसनच्या मजकुरात ती निमूट बसतात, पण सर्चमध्ये सरळ आणि वळणदार चिन्हं जुळत नाहीत. म्हणून सगळी एकसारखी करायची, म्हणजे नॉर्मलाइज करायची. मी तेच केलं, पण फाइल तयार झाल्यावर! आतली वळणदार चिन्हं सरळ झाली, त्यांना बॅकस्लॅश मिळालाच नाही, आणि फाइल तुटली.

तर क्रम लक्षात ठेवा: आधी नॉर्मलाइज, मग एस्केप. एस्केप हाताने करत बसू नका, जेसनची लायब्ररी ते बरोबर करते. डेटाबेसला मजकूर पाठवतानाही तो क्वेरीत जोडू नका, पॅरामीटर म्हणून वेगळा द्या. आणि मूळ मजकुराची एक प्रत न बदलता जपा.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅप चाललं. आजोबांनी पहिला किस्सा वाचला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. ते वाक्य त्यांचं नव्हतं, त्यांच्या साहेबांचं होतं. चिन्ह मी चुकीच्या जागी बंद केलं होतं. ती चूक मात्र कुठल्याच लायब्ररीने पकडली नसती.