विश्लेषण : बायोप्सीतला तपकिरी डाग आणि पॉल एर्लिख… ‘अँटिबॉडी’ शब्द देणाऱ्या डॉक्टरची गोष्ट

प्रोस्टेटचा कर्करोग शरीरात दुसरीकडे पसरला, तर नवी गाठ मुळात कुठली हे ओळखणे अवघड जाते. अशा वेळी पॅथॉलॉजी लॅबमध्ये ‘पीएसए’ या एन्झाइमला चिकटणारे प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी, बायोप्सीच्या तुकड्यावर टाकतात. पेशी तपकिरी दिसल्या की गाठीचे मूळ प्रोस्टेटमध्ये असल्याचा भक्कम पुरावा मिळतो. या चाचणीतले रंग आणि प्रतिपिंड हे दोन्ही धागे पॉल एर्लिख यांच्यापर्यंत पोहोचतात.

रंगांचे वेड कुठून आले?

एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी स्ट्रेलेन येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा प्रशियात होते, आज पोलंडमध्ये आहे. कापडासाठी बनवलेले कृत्रिम रंग त्या काळी बाजारात नुकतेच आले होते. शरीराचा एक भाग ठरावीक रंग पकडतो आणि दुसरा सोडून देतो, हे असे का, हा प्रश्न त्यांना विद्यार्थिदशेतच पडला. १८७८ मधला त्यांचा प्रबंधही याच विषयावर होता.

स्वतःच क्षयरोगी

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. हा जंतू रंगवण्याची सोपी पद्धत एर्लिख यांनी काही आठवड्यांतच तयार केली. त्यांनी दाखवले की रंगवलेला जंतू आम्लाने धुतला तरी रंग सोडत नाही. भारतात आजही होणारी थुंकीची तपासणी याच तत्त्वावर चालते. पुढे १८८८ मध्ये एर्लिख यांना स्वतःलाच क्षय झाला. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले आणि बरे होऊन परतले.

अँटिबॉडी म्हणजे काय, हे कसे उलगडले?

प्रतिपिंडासाठीचा जर्मन शब्द त्यांनी १८९१ मध्ये वापरला. घटसर्पावरच्या सीरमची ताकद प्रत्येक वेळी कमी-जास्त भरत असे. त्यांनी ती मोजण्याचे प्रमाण ठरवून दिले, त्यामुळे मुलांना योग्य मात्रा देता येऊ लागली. पेशीवरची विशिष्ट रचना विशिष्ट विषालाच कुलूप-किल्लीसारखी चिकटते, असा सिद्धांत त्यांनी १८९७ मध्ये मांडला. त्यातले काही तपशील पुढे बदलले, पण नेमक्या जोडीची कल्पना टिकली. १९०८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

औषधावरून वाद

रंग जसा नेमका चिकटतो, तसे औषध फक्त जंतूलाच का चिकटू नये? या विचारातून त्यांच्या प्रयोगशाळेत शेकडो संयुगे तपासली गेली. १९०९ मध्ये जपानी सहकारी साहाचिरो हाता यांच्या प्रयोगांत ६०६ क्रमांकाचे संयुग सिफिलिसवर लागू पडले. १९१० मध्ये ते ‘साल्व्हर्सान’ नावाने बाजारात आले. मात्र ते देणे किचकट होते, दुष्परिणाम झाले, काही रुग्ण दगावले. एर्लिख यांच्यावर जाहीर आरोप झाले. प्रकरण न्यायालयात गेले आणि १९१४ मध्ये आरोप करणाऱ्यालाच शिक्षा झाली. मात्र या साऱ्या ताणात एर्लिख यांची प्रकृती ढासळत गेली. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांचे निधन झाले.

दोन धागे कधी जुळले?

रंग आणि प्रतिपिंड एकत्र आलेले पाहायला एर्लिख नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेत आल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडालाच चमकणारे रंगद्रव्य जोडले. आजच्या लॅबमध्ये अनेकदा चमकत्या रंगाऐवजी एक एन्झाइम जोडलेले असते. ते रंगहीन रसायनाचे तपकिरी रंगात रूपांतर करते. प्रतिपिंड जिथे चिकटले, तिथेच डाग उमटतो.

नाझी राजवटीत एर्लिख यांचे नाव फ्रँकफर्टमधल्या रस्त्यावरून पुसले गेले, कारण ते ज्यू होते. युद्धानंतर ते परत आले. युरो येण्यापूर्वी जर्मनीच्या २०० मार्कच्या नोटेवर त्यांचाच चेहरा होता.