राजकन्या आयरीन: हिमोफिलिया असलेल्या दोन मुलांची आई

हिमोफिलिया म्हटले की इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया किंवा रशियाचा राजपुत्र अलेक्सी आठवतो. राणीची नात आणि अलेक्सीची मावशी असलेल्या आयरीन यांच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. (आपले शेवटचे व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन यांच्याही त्या मावशी.) या आजाराची एक नव्हे, दोन मुले त्यांच्या घरी होती.

आयरीन यांचा जन्म ११ जुलै १८६६ रोजी जर्मनीतील डार्मस्टाट येथे झाला. त्या सात वर्षांच्याही नव्हत्या, तेव्हा धाकटा भाऊ फ्रिट्टी खिडकीतून पडला आणि मेंदूतील रक्तस्रावाने त्याच दिवशी गेला. अडीच वर्षांचे पोर ते. पुढे १८७८ मध्ये घटसर्पाने आईही गेली.

१८८८ मध्ये प्रशियाचे राजपुत्र हाइनरिक यांच्याशी आयरीन यांचे लग्न झाले. ते त्यांचे सख्खे मावसभाऊ. नात्यातले लग्न, म्हणून मुले आजारी, असा निष्कर्ष बरेच जण काढतात. हिमोफिलियाच्या बाबतीत तो चुकीचा आहे. सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि मुलाला एक्स फक्त आईकडून मिळते. वडिलांना हा आजार नसताना ते कोणत्याही घरातले असते, तरी मुलांचा धोका तेवढाच राहिला असता. यात आईचाही दोष नसतो, हे मी प्रत्येक कुटुंबाला मुद्दाम सांगतो.

त्यांना तीन मुलगे झाले: वाल्डेमार (१८८९), सिगिसमुंड (१८९६) आणि हाइनरिक (१९००). पहिल्याला व तिसऱ्याला हिमोफिलिया, मधला निरोगी. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी असते आणि दर गरोदरपणात पाटी पुन्हा कोरी होते. एकाला झाला म्हणून दुसरा सुटत नाही.

त्या काळी डॉक्टरांकडे विश्रांती, बर्फ आणि पट्टी यापलीकडे फारसे काही नव्हते. १९०४ च्या फेब्रुवारीत चार वर्षांचा हाइनरिक पडला, डोक्याला मार लागला आणि २६ तारखेला तो गेला. भावाच्या बाबतीत पाहिलेले तेच पुन्हा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयरीन यांच्या बहिणीला अलेक्सी झाला.

२००९ मध्ये रशियन राजकुटुंबाच्या अवशेषांची जनुकीय तपासणी झाली. घराण्यातला आजार हिमोफिलिया बी, म्हणजे फॅक्टर नऊची कमतरता, असल्याचे त्यातून कळले. आज हा फॅक्टर शिरेतून देता येतो. रक्तस्राव होऊ नये म्हणून तो साधारण आठवड्यातून दोनदा देतात. दीर्घकाळ टिकणारा प्रकार त्याहून कमी वेळा लागतो. प्रशिक्षण घेऊन पालक तो घरीही देऊ शकतात. दोन भावंडे असतील तर डोस प्रत्येकाच्या वजनानुसार वेगळा असतो, म्हणून नोंदवह्याही वेगळ्या ठेवा. आणि डोक्याला मार लागला तर मूल हसत-खेळत असले तरी आधी फॅक्टर, मग सीटी स्कॅन. स्कॅनच्या रांगेत फॅक्टरशिवाय गेलेला वेळ महागात पडतो.

वाल्डेमार मात्र ५६ वर्षे जगले. जनुक तेच, पण रक्तस्राव कुठे होतो यावर बरेच अवलंबून असते. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य जवळ येताच ते घर सोडून बव्हेरियातील टुट्झिंगला पोहोचले. तिथे त्यांना रक्त देण्यात आले. पण अमेरिकन सैन्याने उपलब्ध वैद्यकीय साहित्य छळछावण्यांतून सुटलेल्या कैद्यांसाठी वळवले. त्या माणसांची गरजही खरीच होती. पुढचे उपचार थांबले आणि २ मे रोजी वाल्डेमार यांचा मृत्यू झाला.

हिमोफिलिया बी हा वेगळा आजार असल्याचे १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा आयरीन हयात होत्या. ११ नोव्हेंबर १९५३ रोजी हेमेलमार्क येथे त्यांचे निधन झाले. सिगिसमुंड तोपर्यंत कोस्टा रिकात स्थायिक झाले होते. त्यांची मुलगी बार्बरा हिला आयरीन यांनी दत्तक घेतले होते. वडील निरोगी असल्याने त्यांच्याकडून हे जनुक तिच्याकडे येणे शक्यच नव्हते.