लक्ष्मणराव किर्लोस्कर

शिरोळकडे येणाऱ्या कृष्णेच्या वरच्या अंगास किर्लोस्करवाडी आहे. तिचे संस्थापक लक्ष्मणराव यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यात झाला. त्यांना चित्रकार व्हावयाचे होते. परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या दृष्टीस कळत नसे. तेव्हा खचून न जाता ते यंत्रविद्येकडे वळले. मुंबईहून ते सायकली धाडीत. बेळगावात बंधू रामूअण्णा त्या विकीत आणि लोकांस चालविण्यास शिकवीत. पुढे नांगरांचा कारखाना निघाला. १९१० साली औंध संस्थानातील निवडुंगांनी व सापांनी भरलेल्या माळावर लक्ष्मणराव कुटुंबासह राहावयास गेले. तेथे कारखान्याबरोबर घरे उठली, बागा बहरल्या. १९५६ साली ते निवर्तले. रंगांनी ज्यांना दगा दिला, त्यांनीच उजाड माळ फुलविला!