सर विल्यम रॅम्से

विल्यम रॅम्से यांचा जन्म १८५२ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. काच फुंकून प्रयोगाची नाजूक उपकरणे ते स्वतःच घडवीत. हवेत काही अज्ञात वायू दडलेले असावेत, असे त्यांना वाटे. परंतु इतक्या विरळ वायूंची परीक्षा करावी कशी?

१८९८ साली लंडनमध्ये ट्रॅव्हर्स या सहकाऱ्यासह त्यांनी द्रवरूप हवा सावकाश उडू दिली. हलके वायू आधी निघून गेले. तळाशी उरलेल्या अंशाच्या वर्णपटात अनोळखी रेषा चमकल्या. तोच क्रिप्टॉन! पुढे अशाच चिकाटीने निऑन व झेनॉन सापडले. हवेच्या एक कोटी भागांत झेनॉनचा एक भागही नसतो!

१९०४ साली रॅम्से यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९१६ साली ते निवर्तले. अत्यल्प असेल ते आधी एकवटावे, मग पारखावे, ही रीत रसायनशाळांत आजही चालते.