संत जान्ना मोल्ला : डॉक्टर आणि माता

ख्रिस्तसभा २८ एप्रिल रोजी संत जान्ना बेरेत्ता मोल्ला यांचा सण साजरा करते. गरोदरपणात माता आणि उदरातील बालक या दोघांच्याही जिवाला धोका निर्माण झाल्यास काय करावे, या कठीण प्रश्नावर त्यांचे चरित्र प्रकाश टाकते.

जान्ना यांचा जन्म ४ ऑक्टोबर १९२२ रोजी इटलीतील मिलानजवळच्या माजेंता येथे झाला. तेरा भावंडांत त्या दहाव्या. १९४२ साली त्यांचे आईवडील काही महिन्यांच्या अंतराने प्रभूघरी गेले. १९४९ साली पाविया विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. १९५० मध्ये त्यांनी मेझेरो गावी दवाखाना उघडला आणि १९५२ साली बालरोगशास्त्रातील विशेष शिक्षण पूर्ण केले. माता, बालके, वृद्ध व गोरगरीब यांची सेवा हे त्यांनी आपले जीवितकार्य मानले. २४ सप्टेंबर १९५५ रोजी इंजिनीअर पिएत्रो मोल्ला यांच्याशी त्या विवाहबद्ध झाल्या. पुढे त्यांना तीन अपत्ये झाली.

१९६१ साली त्या पुन्हा गर्भवती असताना दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस त्यांच्या गर्भाशयात गाठ आढळली. त्यांच्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, गर्भाशयच काढून टाकणे. दुसरा, गर्भपात करून गाठ काढणे. तिसरा, गर्भाला धक्का न लावता केवळ गाठ काढणे. गर्भपात म्हणजे निरपराध जिवाची थेट हत्या, म्हणून ख्रिस्तसभा तो कदापि मान्य करीत नाही. मात्र मातेचे प्राण वाचविण्यासाठी अत्यावश्यक असलेल्या व पुढे ढकलता न येणाऱ्या उपचारामुळे, हेतू नसतानाही, बालक दगावले तर तो उपचार निषिद्ध ठरत नाही. पोप बारावे पायस यांनी १९५१ साली हे तत्त्व स्पष्ट केले होते.

जान्ना यांनी उपचार नाकारले नाहीत. धोक्याची पूर्ण जाणीव असलेल्या या डॉक्टर मातेने तिसरा मार्ग निवडला. सप्टेंबर १९६१ मध्ये मोंझा येथे शस्त्रक्रिया झाली आणि गर्भ सुरक्षित राहिला. प्रसूतीच्या वेळी दोघांपैकी एकालाच वाचविणे शक्य असेल तर बालकाला वाचवावे, असे त्यांनी पतीला व डॉक्टरांना निक्षून सांगितले. २१ एप्रिल १९६२, पवित्र शनिवारी, शस्त्रक्रियेद्वारे कन्या जान्ना इमान्युएला जन्मली. उदरपोकळीतील जंतुसंसर्गाने २८ एप्रिल रोजी मातेने देह ठेवला. तेव्हा त्या ३९ वर्षांच्या होत्या.

चार मुलांच्या पालनपोषणाची जबाबदारी पिएत्रो यांच्यावर आली. पत्नीच्या निर्णयाचा त्यांनी आदर केला होता. आता पित्याचे कर्तव्य त्यांनी एकट्याने निभावले. १९६४ साली सहा वर्षांची मारिओलिना हिलाही मृत्यूने हिरावून नेले. धाकटी कन्या पुढे आईप्रमाणेच डॉक्टर झाली. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १६ मे २००४ रोजी जान्ना यांना संतपद बहाल केले, तेव्हा वयोवृद्ध पिएत्रो आपल्या मुलांसह उपस्थित होते.

जान्ना यांचा त्याग कर्तव्याच्या सीमेपलीकडचा होता. म्हणूनच तो कोणत्याही आजारी मातेवर लादण्याचा नियम नव्हे. तिच्या पतीने, आप्तांनी व डॉक्टरांनी दोन्ही जिवांसाठी शक्य ते सर्व प्रयत्न करावेत आणि कठीण प्रसंगी तिला एकटे सोडू नये, हाच बोध या चरित्रातून आपण घ्यावा.

संत जान्ना, आमच्या मातांसाठी विनंती कर.