खंजिरीचा धसका

राजापेठेतून नागपूरच्या रस्त्याला लागले की मोझरीचे गुरुकुंज लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीपुढे आज आपण श्रद्धेने हात जोडतो. मात्र याच महाराजांना परकीय सरकारने एकेकाळी तुरुंगात डांबले होते, याचा विसर पडता कामा नये.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे ३० एप्रिल १९०९ रोजी एका गरीब कुटुंबात माणिक बंडोजी इंगळे यांचा जन्म झाला. शाळा अर्धवटच सुटली. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी या बालकाला तुकड्या हे नाव दिले. पुढे रानावनात भटकंती झाली आणि मग हाती आली ती खंजिरी. पेटी-तबल्याचा थाट नाही, सभागृह नाही. गावाच्या पारावर चार माणसे जमली की भजन सुरू. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही ते एकदा ऐकून पाठ व्हावे, इतके सोपे. हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांतून हजारो भजने त्यांनी रचली. १९३६ साली गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला जाऊन राहिले, आणि भजनातील देवाशेजारी देशही येऊन बसला.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक आली. पुढारी गजाआड गेले, वृत्तपत्रांवर निर्बंध आले. सभा बंद करता येते, छापखान्याला कुलूप लावता येते; भजनाला कसे लावणार? भक्तांनीच आता सैन्य व्हावे, अशा आशयाची पदे वऱ्हाडापासून चांद्यापर्यंत खेड्याखेड्यांत गायली जात होती. १६ ऑगस्टला आष्टी आणि चिमूर पेटले. गोळीबार झाला, लोक हुतात्मा झाले, पोलीस व अधिकारीही मारले गेले. त्यानंतर चिमूरवर लष्कराने जे अत्याचार केले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींना ६३ दिवसांचे उपोषण करावे लागले. या उठावामागे खंजिरी असल्याचा संशय सरकारला आला. २८ ऑगस्टला चांदा येथे महाराजांना अटक झाली. नागपूर व रायपूरच्या कारागृहांत सुमारे शंभर दिवस काढून डिसेंबरमध्ये ते सुटले. सरकारचा संशय अगदीच निराधार नव्हता, असे आमचे मत आहे.

दूरच्या ब्राझीलमध्येही शिकू बुआर्की यांच्या १९७० सालच्या एका सांबा गीताची लष्करी राजवटीने अशीच धास्ती घेतली आणि ते खपू लागताच त्यावर बंदी घातली. तेथे निदान जप्त करायला ध्वनिमुद्रिका तरी होत्या. वऱ्हाडात गाणे लोकांच्या ओठांवरच होते.

स्वातंत्र्यानंतर महाराजांची खंजिरी थांबली नाही. ग्रामसफाई, अस्पृश्यता, व्यसने हे नवे विषय झाले. १९५५ मध्ये ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध झाली. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी त्यांनी देह ठेवला. दरवर्षी पुण्यतिथीला त्याच मिनिटाला गुरुकुंजात लाखोंचा समुदाय मौन उभा राहतो. तेवढा वेळ खंजिरीही वाजत नाही.