आगगाडीमागचे नाना

जांभूळच्या माणसाला मुंबईला जायचे तर अंबरनाथ नाहीतर बदलापूर स्टेशन गाठावे लागते. चौथ्या सीटवर कसेबसे टेकायचे आणि रेल्वेच्या नावाने बोटे मोडायची, हा रोजचाच रिवाज. पण ही गाडी यावी म्हणून ज्यांनी धडपड केली, त्यांतले एक आपल्या शेजारच्या मुरबाडचे होते, हे किती जणांच्या ध्यानात असते?

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे, म्हणजेच नाना, यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडला झाला. घराणे दैवज्ञांचे, व्यापार मुंबईत. १८२२ साली वडील वारले आणि ऐन एकोणिसाव्या वर्षी पेढीचा भार नानांवर आला. बसून खाल्ले असते तरी चालले असते. नानांनी मात्र शाळा काढण्यासाठी सढळ हाताने पैसा दिला आणि रेल्वेसाठी आपली पत पणाला लावली.

त्या काळी घाटावरचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून बंदराकडे येई. पाऊस लागला की वाटा बंद. १८४३ मध्ये मुंबई सरकारचे इंजिनिअर जॉर्ज क्लार्क यांनी लोहमार्गाची कल्पना मांडली. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जिजीभाई यांनी पुढाकार घेऊन मुंबईत रेल्वेसाठी मंडळ उभे केले. १८४९ मध्ये लंडनच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीशी ईस्ट इंडिया कंपनीचा करार झाला. भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी मिळाली आणि तूट आली तर ती इथल्या महसुलातून भरायची, असे ठरले. सौदा तिकडच्या सोयीचा होता. तरीही एतद्देशीय व्यापाऱ्यांचा शब्द या कामात राहिला, तो नानांसारख्यांमुळे. कंपनीच्या कचेरीला त्यांनी आपल्या गिरगावातल्या वाड्यात जागा दिली, असे सांगतात.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून २१ तोफांच्या सलामीत ठाण्याची गाडी सुटली. १४ डबे, ४०० पाहुणे, ३४ किलोमीटरचा प्रवास. पाहुण्यांत नानाही होते. १८५४ मध्ये गाडी कल्याणला आली आणि १८५६ मध्ये आपल्या या भागातून खोपोलीपर्यंत गेली.

पुढे बोरघाट आडवा होता. पंचवीस बोगदे खोदायचे होते. पटकीने मजूर पटापट दगावत होते. १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट सोडले नाही, काम पुढे चालू ठेवले. १८६३ मध्ये घाट खुला झाला. ते पाहूनच ३१ जुलै १८६५ रोजी नानांनी डोळे मिटले.

नानांच्या मुरबाडला मात्र अजून रेल्वे पोहोचलेली नाही. तिथल्या माणसाला आजही आधी एस.टी.ने कल्याण किंवा बदलापूर गाठावे लागते. गाडीची वाट पाहताना कधी नानांची आठवण काढावी, आणि मुरबाडच्या त्या प्रवाशाचीही.